भिंतीतली शिखरं

नायलॉनचा शर्ट घातलेल्या माणसाला साव्विच्ना मोजमापाच्या खोलीत पाऊल टाकू देत नसे. "अंगावर ईज घिऊन आलास व्हय? जा, सुती घालून ये," असं उंबऱ्यातूनच सांगायची. मग समोर नवशिका असो, नाहीतर अकादमीचा सभासद. एकदा संस्थेचे उपसंचालक मॉस्कोच्या कुणा पाहुण्याला घेऊन आले. तिने दोघांचे कोट काढून घेतले, उपसंचालकांची विजार चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "तुमी भाईर थांबा. पावण्याची चालंल." ते थांबले.

पूर्ण नाव कपितोलिना साव्विच्ना ल्याखोवा. पण ल्याखोवा तिला पगारपत्रकापलीकडे कुणी म्हटलं नाही, आणि कपितोलिना साव्विच्ना असं अख्खं नाव घ्यायचे फक्त आमचे साहेब गेर्मान लुकिच. बाकी सगळ्यांची ती साव्विच्ना. नुसतं बापाच्या नावाने हाक मारली की त्यात सलगीही येते आणि धाकही. तिच्या बाबतीत धाक जास्त होता.

जंगल तोडून संस्थेचं गाव वसवलं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची. तिचं खेडं त्याच जंगलाच्या कडेला. आधी तिने इथे विटा वाहिल्या, मग फरश्या पुसल्या, मग हेलियमच्या टाक्या ढकलल्या. एका वर्षी मोजमाप घेणारी बाई बाळंतपणाला गेली. तिच्या जागी साव्विच्नाला आठवडाभर बसवलं, ती तीस वर्षं उठली नाही. शिक्षण आठवीपर्यंत. नवरा ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात ट्रक परत आला, नवरा आला नाही. मेला नव्हता, दुसरीकडे जिवंत होता, एवढंच. मूलबाळ नाही. आई होती, प्रास्कोव्या नावाची, ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली पण जिभेने धडधाकट.

मी एकोणनव्वद साली तिथे लागलो. नाव आर्सेनी, पण पहिल्याच दिवशी तिने माझा सेन्या केला आणि सांगितलं, "सेन्या, हितं पाय घासून चालायचं न्हाई. तू पाय घासलास की ततं पेन नाचतं."

आमचं काम ठिपक्यांचं. तांदळाच्या कणीसारखा एक तुकडा असायचा, त्याच्या पोटात डोळ्याला कधीच दिसणार नाही असा एक ठिपका. ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉनचं डबकंच म्हणा. डबक्याला दोन अरुंद दारं, आणि कडेला एक फाटक. हेलियममध्ये बुडवून तो तुकडा मरणाचा गार करायचा आणि फाटकावरचा विजेचा दाब तसूतसूने वाढवत जायचं. बराच वेळ काही होत नाही, यंत्राला जोडलेलं पेन सरकत्या कागदावर सरळ रेघ ओढत राहतं. मधेच एखाद्या इलेक्ट्रॉनला वाट मिळते, वीज वाहते, पेन उसळून वर जातं आणि खाली येतं. एक शिखर झालं. पुन्हा सरळ रेघ, पुन्हा शिखर. एका ठिपक्यातून अशी पन्नासेक. कुठलं किती उंच, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. एक बोटभर, पुढचं नखाएवढं, त्याच्या पुढचं नुसतं पेनाला शहारा आल्यासारखं.

हे सगळं साव्विच्ना करायची. दाबाची मूठ फिरवताना ती श्वास धरायची आणि तिचा श्वास धरलेला पाहून शेजारच्या खोलीतले लोक चहाची किटली बंद करायचे, कारण किटली चालू केली तरी पेनाला कळायचं. एका ठिपक्याची एक गुंडाळी. जाड, पांढराशुभ्र, चौकटी आखलेला कागद. त्यावर जांभळ्या शाईची रेघ. शाई संस्थेच्याच रसायनवाल्यांनी घोटलेली. स्पिरिटने निघत नसे, पाण्याची तर बातच सोडा.

आणि गेर्मान लुकिचचा एक नियम होता. पहिल्या दहा शिखरांत एक तरी बोटभर उंच निघालं नाही, तर तो ठिपका खराब. दारं नीट जमली नाहीत, माल कचरा, गुंडाळी शेवटपर्यंत काढलेली असली तरी रद्द. माणूस हुशार होता, हात स्वच्छ होते, आणि चांगल्या कारागिराला असतो तसा त्याला रुबाबदार मालाचा सोस होता. उंच शिखरं आली की साहेब गुंडाळी जिन्यापर्यंत पसरून उभे राहायचे. बुटकी आली की न बघताच म्हणायचे, "मोडीत."

तेव्हा ती रीत आम्हा कुणालाच चुकीची वाटली नाही. गाजरं निवडताना किडकी बाजूला काढतोच की माणूस.

साव्विच्नाला वाटायची. पण ती वेगळ्या कारणाने. "इतकं गार केलं, सकाळधरनं हेलियम जाळला, आन् फेकून द्यायचं? बुटकं झालं म्हून काय झालं, आलंय तर खरं." एकदा तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मी तिथेच होतो. गेर्मान लुकिच गुंडाळी पाहत उभे होते आणि तिने बोट ठेवून दाखवलं, "बगा, उंचाच्या शेजारी उंच यतंय. बुटक्याच्या शेजारी बुटकं. एकदम डोंगर, एकदम खड्डा, असं न्हाई हुत. आमच्या जिन्यात कसं, तिसऱ्या मजल्यावर समदे पिनारे."

"कपितोलिना साव्विच्ना, तुम्ही शिखरांची सोयरीक लावताय," साहेब हसले.

"मी कशाला लावू. लागल्याली दिसती."

मी पण हसलो होतो.

रद्द गुंडाळ्या रद्दीत जायच्या, आणि रद्दीतून साव्विच्नाच्या पिशवीत. चोरी नव्हे, सगळेच काही ना काही न्यायचे. कुणी स्पिरिट, कुणी तांब्याची तार. तिला कागद हवा होता, कारण दोन वर्षं नंबर लावून तिला भिंतीचा कागद मिळाला होता, फिक्या पिवळ्यावर निळी रानफुलं. फिक्या कागदाखाली वर्तमानपत्र चिकटवलं की अक्षरं वर उमटतात, पुढाऱ्यांची तोंडं फुलांतून डोकावतात. म्हणून खाली अस्तराला तिने आमच्या गुंडाळ्या लावल्या. छतापासून जमिनीपर्यंत, उभ्या, एकीला एक चिकटून, खळ लावून. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात दोन खोल्या झाल्या, ब्याण्णवला आईची भिंत. मी स्वतः शिडी धरली होती. वर बटाटे आणि खारवलेली काकडी खाल्ली, आणि म्हातारी पलंगावरून म्हणाली, "आता मरायला बरं वाटंल."

मग काळ फिरला. देश तर आधीच गेला होता, आता पगार चार-चार महिने अडला, अर्धी संस्था बाजारात मोजे विकायला उभी राहिली. आणि त्याच सुमारास सिद्धान्तवाल्यांनी मांडलं की ठिपक्यांच्या शिखरांना नियम आहे. एकेका शिखराचं काही सांगता येत नाही. पण हजारो जमवा, त्यात बुटकी किती आणि उंच किती याचं प्रमाण ठरलेलं आहे, ठिपका कुठलाही असो. आणि त्या प्रमाणात बुटकीच जास्त. पुष्कळच जास्त.

गेर्मान लुकिचनी ठेवणीतल्या चाळीस चांगल्या गुंडाळ्या काढल्या, शिखरं मोजली, लेख लिहिला. म्हणणं असं की सिद्धान्त चुकला, बुटकी कमीच आहेत. लेख परदेशी मासिकाकडे गेला. चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात तिथल्या परीक्षकाचं पत्र आलं. त्यात एकच टोचणारा प्रश्न होता: एकूण किती ठिपके मोजले, आणि किती वगळले?

साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "सेन्या, आपण बुटके लोक दारातच अडवले आणि आत येऊन म्हणतोय की गावात बुटकं कुणीच नाही."

वगळलेल्यांची यादी वहीत होती. एकसष्ट.

"गुंडाळ्या कुठायत?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. साव्विच्ना दारात उभी राहून हात पुसत होती. ती म्हणाली, "माज्या घरी हायत. भितीत."

त्याच आठवड्यात कपातीची यादी होणार असल्याची कुणकुण होती. प्रयोगशाळेतून दोन माणसं जायची होती. साव्विच्ना त्रेपन्न वर्षांची. पेन्शनला दोन वर्षं बाकी. गेर्मान लुकिचनी तिला खुर्ची दिली, जी ते सहसा कुणाला देत नसत. "कपितोलिना साव्विच्ना, हा लेख निघाला तर प्रयोगशाळा टिकते. तुम्ही टिकता. आणि लेखावर चौथं नाव तुमचं. कागद नवा आणून देतो मी भिंतीला."

"कागद ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाव घाला. तीस वरसं मूठ फिरवलीया, कुटं तरी लिवल्यालं असू द्या."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही तिच्या घरी भिंती सोलायला गेलो. साहेबांनी बाह्या सारल्या होत्या. साव्विच्नाने चादरी ओल्या करून भिंतीवर धरायच्या, वरून इस्त्री फिरवायची, वाफ मुरली की मी ओलथण्याने कड सोडवायची, आणि साहेबांनी दोन्ही हातांनी पट्टा खाली उतरवून घ्यायचा, बाळंतिणीकडून मूल घ्यावं तसा. रानफुलं लगद्यासारखी पायाशी पडत होती. खालून जांभळी रेघ निघायची, जशीच्या तशी. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून पट्टे चिमट्यांनी वाळत टाकले. साहेब भिंग घेऊन दोरीखालून वाकून फिरत होते आणि मधूनच म्हणत होते, "हे बघ. हे बघ, किती आहेत." दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या नखाएवढ्या शिखरांचे आता लाड चालले होते.

"तवा मोडीत म्हनायचात," साव्विच्ना इस्त्री फिरवत म्हणाली.

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"मला बी कळत नव्हतं. पर मी फेकलं न्हाई."

दुपारपर्यंत सत्तेचाळीस गुंडाळ्या निघाल्या. दोन खोल्या उघड्या पडल्या, करडं प्लास्टर, भेगा. राहिली आईची भिंत. चौदा गुंडाळ्या.

म्हातारीने आम्हाला दारातच थांबवलं. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं, हलवायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. पलंग भिंतीला लागून. "कोन हाय त्यो?" तिने विचारलं.

"आई, सायब हायत. गेर्मान लुकिच."

"सायबाला सांग, माज्या पाठीला ह्या भितीचा आधार हाय. आधी मला सोला, मंग भितीला."

"आजी, अर्ध्या तासाचं काम आहे," साहेब गोड आवाजात म्हणाले. "पलंग जरा अलीकडे घेऊ."

"जरा अलीकडं घेतलं की मी पलीकडं जाईन, सायेब. तुमाला वाट बगायला किती जड जातंय? मी काय फार दिवस लावनार न्हाई."

साहेबांनी साव्विच्नाकडे पाहिलं. तिने पलंग पाहिला, ओली चादर पाहिली, खिडकीबाहेरचं पांढरं आभाळ पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "ओली भित आन् नोव्हेंबर. फुफ्फुसं भरत्याल. ही भित ऱ्हाऊ द्या."

"चौदा आहेत तिथे."

"मोजल्याल्या हायत मी."

पुढचे तीन आठवडे ती आणि मी पट्ट्यांवर पट्टी लावून शिखरं मोजत बसलो. ती उंची सांगायची, मी लिहायचो. पट्टे चार पदरी घडी केलेल्या घोंगडीवर ठेवलेले. तिच्या घरात आता बोललेलं घुमायचं. दर दहा-पंधरा शिखरांनंतर ती थांबून म्हणायची, "बग, पुन्ना शेजारी शेजारी." मी मान हलवायचो. आकडे जमत गेले तसा सिद्धान्त खरा होत गेला. बुटकीच जास्त, पुष्कळच जास्त. चाळीस चांगल्या आणि सत्तेचाळीस मोडीतल्या एकत्र केल्या तर वक्ररेषा सांगितल्याबरहुकूम बसत होती. किंचित उणी. चौदांएवढी उणी.

आता संस्थेची एक रीत सांगायला हवी. काहीही छापायला बाहेर पाठवायचं, तर आधी समितीपुढे मोजमापाची वही ठेवायची. वही दोऱ्याने शिवलेली, लाखेचा शिक्का मारलेली, पानांना आकडे. प्रत्येक पानाच्या तळाला 'मोजणार' म्हणून सही. ती सही आजवर फक्त साव्विच्नाची. पहिलीच्या पोरासारखं गोल अक्षर.

डिसेंबरात गेर्मान लुकिचनी आम्हाला दोघांना बोलावलं. टेबलावर नवी वही, तिची शेवटची चौदा-पंधरा पानं कोरी, आणि शेजारी एक जाडजूड पुस्तक, यदृच्छा आकड्यांचं. पानंच्या पानं नुसते आकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. चिठ्ठ्या टाकून निवडायचं असलं की वापरतात ते.

"उरलेल्या चौदांचं प्रमाण आपल्याला ठाऊकच आहे," साहेब म्हणाले. "सत्तेचाळीस काय सांगतात ते चौदा सांगणारच. सेन्या आकडे काढेल, त्याच प्रमाणात. तुम्ही सही करा."

साव्विच्ना उभीच होती. "त्या चौदांची मूठ मीच फिरवलीया. पर हे आकडे त्यांचे न्हाईत."

"त्यांच्यासारखेच आहेत."

"सारखं आन् त्येच, एक न्हवं. सत्तेचाळीस लिवा की. चौदा ऱ्हायल्यात म्हून लिवा."

"मग परीक्षक विचारणार, राहिल्या का? कुठे आहेत?"

"सांगा, भितीत हायत."

साहेब खुर्चीत मागे रेलले. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. "काय लिहू, कपितोलिना साव्विच्ना? आमच्या प्रयोगशाळेची मोजमापं एका म्हातारीच्या पलंगामागे खळीने चिकटवलेली आहेत, आणि ती मरेपर्यंत निघणार नाहीत? आधीच ते लोक आपल्याला मदत म्हणून जुने कोट पाठवायला लागलेत. हसायलाही लावू त्यांना?"

"हसू द्या की. हसल्यानं शिखरं कमी हुनार हायत व्हय?"

"यादी सोमवारी जाते," साहेब हळू आवाजात म्हणाले. यादी म्हणजे कपातीची. "मी तुम्हाला वाचवू पाहतोय."

तिने वही ओढली, उघडली. सत्तेचाळीस गुंडाळ्यांची पानं एकेक करून उलटली, प्रत्येकावर स्वतःची सही आहे ना पाहिलं. कोऱ्या पानांपाशी आली, आणि वही मिटून टेबलावर ठेवली. "दोन खोल्या सोलून दिल्या तुमाला," ती म्हणाली. "ही पानं न्हाई देत."

ती गेल्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा तिशीचा, घरात तान्हं मूल, बायकोची नोकरी गेलेली. हे सगळं खरं आहे, पण मी सही करताना यातलं काही आठवलं नाही. आठवलं एवढंच की परदेशातल्या एका संस्थेत जागा होती आणि साहेबांच्या पत्राशिवाय ती मिळणार नव्हती. दोन दिवसांत मी पुस्तकातून सातशेवर आकडे काढले, बुटके-उंच प्रमाणात बसवले, ओळीने लिहिले आणि चौदा पानांखाली 'मोजणार' म्हणून नाव घातलं. अक्षर चांगलं आहे माझं.

समितीने वही पाच मिनिटं चाळली. लेख गेला. सोमवारी यादीही गेली, आणि तिच्यात साव्विच्ना होती. लेखावरचं चौथं नाव काढलं, कारण वहीतल्या काही पानांवर मोजणाऱ्याची सही तिची नव्हती आणि तिचं नाव लावलं तर समितीने विचारलं असतं, मग या पानांवर तिची सही का नाही. असं साहेब मला म्हणाले. तिला काय म्हणाले ते माहीत नाही. भिंतीचा कागद काही आला नाही. तो हिवाळा तिने उघड्या प्लास्टरात काढला. घरात एकच भिंत फुलांची, म्हातारीच्या पाठीमागची.

म्हातारी प्रास्कोव्या मार्चात गेली. लेख छापून येईपर्यंत मे उजाडला होता. माझं विमान जूनमध्ये होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात साव्विच्ना प्रयोगशाळेत आली. अंगावर सुती झगा, काखेत गुंडाळ्यांची जुडी, सुतळीने बांधलेली. चौदाच्या चौदा. तिने एकटीने वाफ दिली होती, एकटीने सोलल्या होत्या, एकटीने मोजल्या होत्या. आकडे शाळेच्या वहीत, गोल अक्षरात.

गेर्मान लुकिच टेबलामागे होते. समोर मासिकाचा तो अंक.

"ह्या घ्या," ती म्हणाली. "आता कुनी आडवं न्हाई."

"साव्विच्ना," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी अर्धं नाव घेतलं. "छापून झालं."

"झालं ते झालं. हे खरं हाय. ह्ये बगा, शेजारची शेजारी..."

"मोजलंत, छान केलंत. पण आता याचं मी काय करू?" त्यांनी जुडी सोडलीसुद्धा नाही. खिडकीकडे बघत राहिले. त्यांना दुष्ट म्हणवत नाही मला. दमले होते ते. दमलेला माणूस करतो ते दुष्टाच्या करण्याहून फार वेगळं नसतं.

मी तिच्यामागे जिन्यात गेलो. तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर तिने एक गुंडाळी उलगडून दाखवली. मी आता हसत नव्हतो. डोळ्याला स्पष्ट दिसत होतं. उंच, त्याच्याजवळ उंच, मग उतरत उतरत बुटकी, चार-पाच ओळीने, मग पुन्हा चढ. यदृच्छा आकड्यांत असं होत नाही. म्हणजे सिद्धान्ताने जे सांगितलं नव्हतं ते इथे होतं, आणि ते सत्तेचाळीसांतही होतं, चाळिसांतही असणार. ते हुडकायची चाचणी साधी आहे. मी घरी जाऊन केली. आमच्या छापलेल्या सगळ्या आकड्यांवर केली तर शेजार पुसट दिसायचा, मोजताना होणाऱ्या चुकांच्या मर्यादेत लपून जाईल इतका. माझे चौदा वगळले आणि तिचे चौदा घातले, की लख्ख. मी सातशे अनोळखी माणसं त्या वस्तीत घुसवून शेजारधर्म मोडून टाकला होता.

हे मला जूनच्या पहिल्या तारखेला कळलं. सतरा तारखेला मी विमानात बसलो. कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांनी दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी तेच छापलं: शेजारची शिखरं एकमेकांसारखी असतात, त्यांचा संबंध असतो. चांगला लेख होता. त्यात आमच्या लेखाचाही उल्लेख होता, एका ओळीत: पूर्वीच्या मोजमापांत असा संबंध आढळला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गावी आलो तेव्हा तिच्याकडे गेलो. पेन्शन सुरू झाली होती. मधली दोन वर्षं तिने गावच्या सार्वजनिक स्नानगृहात टॉवेल दिले होते. भिंतींना तिने चुना मारला होता. तिने चहा केला, बशीत मुरंबा वाढला, माझ्या पोराची चौकशी केली. "पाय घासत चालतोस आजून," म्हणाली.

मी सांगितलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, इतक्या लांबच्या लोकांना ते आता दिसलं, सगळ्यांनी मानलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

ती ऐकत राहिली. "आन् आपला कागुद?"

"आपला... त्यात तसं दिसत नाही म्हणून लिहिलंय त्यांनी."

"दिसत न्हाई?"

"माझ्या चौदा पानांमुळे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बशी पुसली, ठेवली. "आजून बी तुजी सही हाय ततं?"

"आहे."

"मंग लिव त्यास्नी. चौदा पानं खोटी हायत, खरी ही हायत, म्हून लिव. आत्ता लिव. मी बसती हितं." तिने खण उघडून कोरा कागद काढला, पेन काढलं, माझ्यापुढे ठेवलं. मग कपाटाजवळ गेली आणि वरून जुडी उतरवली. सुतळी तीच. "आन् ह्या घिऊन जा. त्यांच्याकडं चांगली भिंगं असत्याल."

माझी तिथली नोकरी कायम व्हायची होती. आमच्या त्या लेखाच्या जोरावर झाली असती. तसं मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, "साव्विच्ना, विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं. आधीच जास्त झालंय."

"कागदाचं?"

"तरी."

"किती आसंल ह्याचं वजन, सेन्या?" तिने जुडी हातात तोलली. खरंच तोलली, बाजारात तोलतात तशी. "दीड किलो. दोन न्हाईच."

मी म्हणालो की पोचल्यावर पत्र लिहीन, मग कुणाकडून तरी मागवून घेईन.  तिने स्टूल ओढून घेतलं आणि जुडी पुन्हा वर ठेवायला चढली. स्टुलाचा एक पाय लंगडा होता. मी उठून धरायला गेलो.

"हात लावू नगंस," ती वरून म्हणाली. "बस ततं. च्या पी आन् जा."